मॅग्नस आणि आत्याचा मान

आमच्या घराण्यात बाळाचं नाव आत्या ठेवते. म्हणजे बाकीचे सगळे मिळून ते ठरवतात आणि आत्या फक्त बाळाच्या कानात सांगते. बदल्यात तिला साडी मिळते आणि पाठीत धपाटे. ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत भाच्याचं लांबलेलं बारसं ठरलं, तेव्हा माझी साडी आधी आली. मोरपंखी, खोटं कशाला बोलू, झकास होती. नाव मागून कळलं. मॅग्नस.

माझा धाकटा भाऊ नॉर्वेच्या मालवाहू बोटीवर होता. तिथल्या कप्तानाचं हे नाव. त्यामागची गोष्टही भावाने आणली होती. कस्टमवाल्यांनी तेवढीच सोडली असावी. चहाबरोबर ती सगळ्यांना ऐकावी लागली. हजारेक वर्षांपूर्वी नॉर्वेच्या राजाला मुलगा झाला, तो इतका अशक्त की जगेल असं कुणाला वाटेना. बिननावाचा जाऊ नये म्हणून पाद्री घाई करू लागला. पण राजा झोपला होता आणि त्याला उठवायची कुणाची छाती नव्हती. शेवटी दरबारातल्या कवीनेच नाव ठेवून टाकलं. युरोपातल्या एका मोठ्या सम्राटाला लोक मॅग्नस, म्हणजे थोर, म्हणत. कवीने ती पदवी उचलून पोराला चिकटवली. राजा उठला आणि भडकला. पोर मात्र जगलं, राजा झालं आणि त्या मुलखात घरोघरी मॅग्नस झाले.

पार्ल्याचे काका संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांनी लगेच निकाल दिला की हे मूळचं आपलंच 'महान', तिकडे जाऊन थंडीने आखडलं. झालं, नाव पास. आईला ते उच्चारता येईना, पण बोटीवरच्या मुलाला ती कधीच नाही म्हणत नसे.

मी भावाला विचारलं, त्या पोराच्या आईला कुणी काही विचारलं होतं का? गोष्टीत तसं काही नाही, असं तो म्हणाला.

वहिनी ओट्याशी घुगऱ्यांच्या वाट्या भरत होती. आमचं बाळ सातव्या महिन्यातलं. भाऊ समुद्रावर असताना ते इस्पितळात काचेच्या पेटीत होतं आणि वहिनी बाहेर बाकावर. तिच्या मनात काय नाव आहे, हे मी जाऊन विचारलं. तिने मान वर केली नाही.

"मी तेव्हाच ठेवलंय, ताई. बिननावाचा गेला असता, तर हाक कशी मारली असती?"

मग तिने ते हळूच सांगितलं. अगदी साधं नाव, शाळेच्या प्रत्येक वर्गात दोघांचं तरी असतं तसं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

बारशाला मी नवी साडी सावरत पाळण्यावर वाकले, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि वहिनीचं नाव सांगितलं. मग तेच मोठ्याने. धपाटे अर्ध्यावर थांबले.

"कोणाला विचारून ठेवलंस गं?" भाऊ उठलाच.

"राजानेही हेच विचारलं असेल," मी म्हटलं. "पोर काचेत होतं, तू बोटीवर. तुला उठवायला कोण येणार होतं रे?"

तो परत खाली बसला. वहिनीच्या हातातली पाळण्याची दोरी थांबली होती. ती खाली वाकली आणि सगळ्यांसमोर पहिल्यांदाच तिने बाळाला नावाने हाक मारली.