टोपली जिन्याने, मालू लिफ्टने

त्या आठवड्यात चैत्रगंध सोसायटीत एक बातमी पक्की होती. तिसऱ्या मजल्यावरची मालू पवार बिल्डरला सामील झाली! बाई वही घेऊन घरोघर हिंडते, माणसं किती, लिफ्टने काय काय नेता-आणता, सगळं टिपून घेते. म्हणजे इमारत पाडायचाच घाट, दुसरं काय? तळमजल्यावरच्या कल्पिताने तर नव्या इमारतीत मालूला कितव्या मजल्यावरचा कोपऱ्याचा फ्लॅट कबूल झालाय, तेसुद्धा सांगून टाकलं. सातव्या. डोंबिवली पश्चिमेत इमारत वीस वर्षांची झाली की माणसांना झोपेतही बिल्डर दिसतो, त्यात एकट्या कल्पिताचा काय दोष?

खरं होतं ते एवढंच, की वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मालू बी.ए. करत होती. लेक लग्न होऊन पुण्याला गेली, नवरा साईनाथ एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टवर, आणि बारावीला सुटलेली पुस्तकं मनातून काही सुटली नव्हती. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला, दर रविवारी कल्याणला एका कॉलेजात वर्ग सुरू झाला. घरोघर हिंडणारी वही होती समाजशास्त्राच्या प्रकल्पाची. हे कळल्यावर कल्पिता अगदी हिरमुसली.

"समाजशास्त्र म्हणजे समाजसेवा ना, ताई? मग त्याला परीक्षा कशाला घेतात?"

मालूलाही आधी तसंच वाटलेलं. पहिल्याच रविवारी संदेश सरांनी ते डोक्यातून काढलं. सर टिटवाळ्याचे, वय जेमतेम तीस, आणि समोर बसलेल्या अर्ध्याअधिक बायका त्यांच्या आईच्या वयाच्या. पण पोरगा घाबरायचा नाही.

"काय करू, असं समाजसेवक विचारतो," सर म्हणाले. "आपण आधी विचारायचं, हे असं का चाललंय? आणि जिथे विचारण्यासारखं काही नाही असं वाटतं ना, तिथेच विचारायचं. लग्नाची पंगत घ्या. तिथे तीन पाहुणे आलेत. पहिला प्रकार्यवादी. तो म्हणतो, ह्या पंगतीचं काम काय? तर दोन्हीकडची माणसं एकत्र बसतात, नाती घट्ट होतात, ज्याला जे काम दिलंय तो ते करतो, कार्य पार पडतं. अंगात जसा प्रत्येक अवयव काही काम करतो, तसा समाजात प्रत्येक रिवाज. दुसरा संघर्षवादी. तो जेवायला बसतच नाही, सरळ मागे जातो जिथे भांडी घासतायत. पहिल्या पंगतीला कोण बसलं? गार भात कोणाच्या वाट्याला आला? हे ठरवलं कोणी आणि त्यात भलं कोणाचं झालं? तिसऱ्याचं नाव मोठं आहे, प्रतीकात्मक आंतरक्रियावादी. घाबरू नका, ते फक्त पेपरात लिहायला लागतं. हा नुसता बघत बसतो. वाढणारी कोणाला आग्रह करते, कोणाच्या पानापुढून न थांबता जाते. माणसं बोलण्यातून, खुणांतून एकमेकांना सांगत असतात, तू कोण आणि मी कोण. समाज असा रोज समोरासमोर घडतो."

"मग ह्यातला बरोबर कोण, सर?" मालूने विचारलं.

"तिघंही त्याच लग्नाला आलेत, ताई. पहिल्याला रडणं ऐकू येत नाही. दुसऱ्याला हसणं दिसत नाही. तिसरा चेहरे बघता बघता मांडव कोणाचा हे विचारायला विसरतो. म्हणून तिघांनाही बोलवायचं."

मग प्रकल्प दिला. आपल्या राहत्या जागेतला एक नियम घ्या, तिन्ही बाजूंनी बघा, आणि ज्याला तो नियम लागू पडतो अशा एकाची तरी मुलाखत घ्या.

मालूला शोधायला लांब जावंच लागलं नाही. लिफ्टच्या दारावर चार वर्षांपासून एक नोटीस होती: 'टोपली घेऊन येणाऱ्या विक्रेत्यांनी जिन्याचा वापर करावा. हुकुमावरून.' हुकूम सेक्रेटरी दामाजीअण्णांचा. अण्णांनी खोपटच्या एसटी डेपोत तीस वर्षं काढली. एखादी गोष्ट भिंतीवर लावली नाही तर ती घडतच नाही, असा त्यांचा विश्वास. आणि नोटिशीचं अक्षर मालूचं. सोसायटीचा फळा, सत्यनारायणाचं आमंत्रण, पाण्याच्या टाकीची सूचना, सगळं तिच्याच हातचं. असं वळणदार अक्षर सगळ्या गल्लीत नाही, असं अण्णा म्हणायचे आणि मालू पदर सारखा करायची.

पहिला पाहुणा झटक्यात उरकला. नियमाने लिफ्ट स्वच्छ राहते, वास येत नाही, येणारं-जाणारं कोण ते कळतं, रहिवाशांत वाद होत नाहीत. एक पान भरलं. मालूने ते दोनदा वाचलं आणि चहा केला.

दुसऱ्यासाठी वही घेऊन ती घरोघर निघाली. वीस घरांपैकी सोळा घरं मासे खाणारी. त्यांतली तेरा घरं बाजारातून मासे आणतात ती लिफ्टनेच. अण्णा तर मुलाखत देता देता हातात बांगड्याची पिशवी धरून लिफ्टची वाट बघत होते.

"अण्णा, वास?" मालूने विचारलं.

"अहो, पिशवीला गाठ मारलीय ना!" अण्णा म्हणाले. पिशवीतून लिफ्टच्या फरशीवर टिपटिप चाललेली.

म्हणजे मासा लिफ्टने जातो, अडते ती टोपली. मालूने वहीत लिहिलं, 'नियम कोणी केला? समितीने. चढतं कोण? टोपलीवाली. लिहिला कोणी?' इथे पेन थांबलं. पान उलटलं तरी प्रश्न मागच्या पानावर तसाच.

तिसरा पाहुणा मात्र वहीत यायच्या आधीच घरात येऊन बसला होता. त्याला मालू चांगली ओळखत होती.

टोपलीवाली होती हौसाबाई. बुधवार, शुक्रवार, रविवार हमखास. मोठागावाहून चालत यायची, टोपलीत बोईट, कोलंबी, पाचव्या मजल्यावरच्या आजींसाठी चिंबोऱ्या. आणि ही हौसाबाई मालूची सख्खी मामेबहीण. दोघी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या, एकाच ओटीवर खेळलेल्या. हौशी लग्न होऊन खाडीकाठच्या मोठागावात गेली. मालूने कऱ्हाडच्या पवारांच्या साईनाथशी लग्न केलं आणि डोंबिवलीत आली. माहेर कुठलं असं कोणी विचारलं की मालू म्हणायची, "ठाण्याचं." त्यात खोटं काहीच नाही. ऐकणारा आपोआप पांढरपेशांचा नौपाडा धरायचा. मालूने त्याला कधी तिथून हलवलं नाही.

आठ वर्षांपूर्वी हौसाबाई पहिल्यांदा चैत्रगंधमध्ये आली, तेव्हा मालूकडे लेकीच्या साखरपुड्याची बोलणी करायला माणसं बसलेली. दार उघडलं, समोर टोपली. हौशीचं तोंड आनंदाने उघडलं होतं, "मा..." इतकं आलंही होतं. आणि मालूच्या तोंडून गेलं, "काय आणलंय आज, मावशी?"

हौशीने तिच्या खांद्यावरून आतल्या माणसांकडे पाहिलं. क्षणभरच. मग टोपली खाली ठेवून म्हणाली, "कोलंबी हाय, ताई. घ्या, तुम्हाला म्हणून कमी लावते."

तेव्हापासून आठ वर्षं एक मावशी आणि दुसरी ताई. साखरपुडा झाला, लग्न झालं, पाहुणे कधीच पुण्याला गेले, पण मालूने दारातली ती मावशी काही आत घेतली नाही. ओवाळणीला दोघी चेंदणीला जायच्या, तिथे हौशी आणि मालू. डोंबिवलीला परतल्या की पुन्हा ताई आणि मावशी. माणसं खुणांनी एकमेकांना सांगत असतात, तू कोण. वर्गात सरांनी हे वाक्य म्हटलं तेव्हा बाकीच्या बायका लिहून घेत होत्या. मालूचे कान तापले होते.

मुलाखत घ्यायची म्हणजे तिचीच घ्यायला हवी होती. बुधवारी मालू वही घेऊन जिन्यात गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर हौसाबाई टोपली उतरवून बसली होती, एक हात गुडघ्यावर.

"काय गो, इथं काय करतंस?" आजूबाजूला कोणी नाही बघून ती म्हणाली. मालूने प्रकल्पाचं सांगितलं. हौसाबाई पदराने तोंड पुसत हसली. "विचार, विचार."

"वय?"

"तुझ्यापरीस दोन म्हयने मोठी. लिव तूच."

"शिक्षण?"

"चौथी. तुझ्या बाजूलाच बसलेली ना मी? इसरलीस?"

मालूने मान खाली घालून चारचा आकडा काढला. "ह्या नियमाबद्दल तुमचं मत काय?"

"तुमचं?" हौसाबाईने भुवई वर केली. "मत ह्या गुडघ्याला इचार. त्याला लय मतं हायत."

"राग येतो का?"

"कोणाचा, कागदाचा? पयल्या दिवशी वाचला मी तो. अक्षर वळखलं. शाळेत बी तुझं असंच होतं, गोल गोल. म्हटलं, पोरीनं अजून टिकवलंय."

चार वर्षं. चार वर्षं ही बाई तिचं अक्षर वाचून मग पहिली पायरी चढत होती. आणि वर येऊन दारात विचारत होती, घेणार का ताई?

फॉर्मच्या तळाशी विद्यापीठाने छापलेला एक रकाना उरला होता: मुलाखत घेणारा व देणारा यांचे नाते. मालूचं पेन त्यावर आलं आणि तिथेच राहिलं. हौसाबाईने मान लांब करून, एकेक अक्षर जुळवत ते वाचलं.

"लिव," ती म्हणाली, "गिऱ्हाईक."

बोलण्यात टोमणा नव्हता. पोराला शाळेत सोडताना मागून हळूच ढकलतात, तसं म्हणाली. टोमणा असता तर मालूला बरं वाटलं असतं. तिने 'ग्राहक' लिहिलं. शुद्ध, वळणदार.

तेवढ्यात वर लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला आणि कोणाकडे तरी वर आलेल्या कल्पिताने जिन्यातून खाली डोकावलं. "अय्या ताई, इथे बसून मासे घेताय?"

हौसाबाई लगेच उठली. "बोईट ताजं हाय, ताई. बघा तरी."

आणि मालूने हातात वही, वहीत तिसऱ्या पाहुण्याचं अख्खं पान असताना म्हटलं, "नको मावशी, आज नको."

प्रकल्पाला वीसपैकी अठरा मिळाले. संदेश सरांनी मासा आणि टोपलीचा मुद्दा वर्गाला वाचून दाखवला. "नियम वासाचा नाही, हे ताईंनी मोजून दाखवलं. वास सगळ्यांचा सारखा. टोपलीला काय अर्थ लावायचा हे नोटीस लावणाऱ्याने ठरवलं. आणि उत्तर देणारी किती मोकळेपणाने बोललीय बघा. अनोळखी बाईकडून असं काढून घेणं सोपं नसतं." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालू बाकावरची खरवडलेली नावं वाचत बसली. घरी आल्यावर साईनाथने पेढे आणू का विचारलं, तर म्हणाली, डोकं दुखतंय.

पुढच्या रविवारी संध्याकाळी सोसायटीची वार्षिक सभा, पार्किंगमध्ये, भाड्याच्या खुर्च्यांवर. पाण्याचा विषय झाला, गच्चीची गळती झाली, मग अण्णा चष्मा पुसून म्हणाले, "ती लिफ्टची नोटीस फाटत आलीय. आता कायमची स्टीलची पट्टी करू. मालूताई, तुमच्या अक्षरात एका कागदावर लिहून द्या, तसंच कोरून घेतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी पेन पुढे केलं. मालूने पेन घेतलं, आणि मग ते कागदाशेजारी आडवं ठेवलं.

"ही नोटीस काढून टाकू या, अण्णा."

"का हो?"

तिने वही उघडली. तेरा घरांचा आकडा वाचला. अण्णांच्या गाठ मारलेल्या पिशवीचा उल्लेख आला तेव्हा मागच्या रांगेत खसखस पिकली आणि अण्णांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. वाचताना मालूच्या लक्षात आलं की आकडे कितीही वाचले तरी नात्याच्या रकान्यातलं 'ग्राहक' आहे तसंच राहणार. तिने वही मिटली.

"पण ताई," कल्पिता खुर्चीत पुढे सरकली, डोळे चमकत होते, "तुम्हाला त्या मासेवालीचा एवढा पुळका का? कोण लागते ती तुमची?"

पार्किंगमध्ये माणसं हसली. मालू हसली नाही. कोणाच्या नजरेला नजर न देता, लिफ्टच्या दाराकडे बघत ती म्हणाली,

"मामेबहीण लागते. हौशी. नोटीस लिहिताना विचारलं असतंस तर मी सांगितलं नसतं, कल्पिता. म्हणूनच आज सांगतेय."