दुधी भोपळ्यावरची शिकवणी

निरवांगीच्या राजलक्ष्मीला एकच मुलगी, छकुली. चार वर्षांची. जन्मल्यावर ती बराच वेळ रडली नाही आणि त्या वेळात मेंदूला जी इजा व्हायची ती होऊन गेली. मान उशिरा धरली, बसायला अजून आधार लागतो. पण खरी अडचण गिळण्याची होती. घास पोटात जायच्या ऐवजी श्वासनळीत उतरायचा. दोन वर्षांत तीनदा न्यूमोनिया झाला. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी पोटाला बारीक भोक पाडून तिथून थेट जठरात नळी बसवली. नळी निसटू नये म्हणून आतल्या टोकाला पाण्यानं भरलेला इवलासा फुगा असतो.

पंधरा दिवस राजलक्ष्मी दवाखान्यात राहिली आणि तिथल्या सिस्टरकडून सगळं शिकून आली. पेज किती पातळ करायची, कशी गाळायची, मुलीला कसं टेकवून बसवायचं, नंतर पाणी सोडून नळी कशी धुवायची.

घरी मात्र सासऱ्यांना, मोहनरावांना, हे पटलं नव्हतं. डाळिंबाची बाग लावणारा, मोजकं बोलणारा माणूस. "त्वांडानं खाल्लं न्हाय तर लेकराला चव कशी कळायची?" एवढंच ते म्हणायचे. सासूबाई सिंधुबाई बोलल्या नाहीत; त्यांनी छकुलीच्या वाढदिवशी गुपचूप दोन चमचे खीर भरवली. चौथ्या दिवशी छकुली ऑक्सिजनवर होती.

मुलगी बरी होऊन घरी आल्यावर सिंधुबाई सुनेसमोर यायला बिचकत होत्या. राजलक्ष्मीला राग होताच, पण तिनं भांडण काढलं नाही. दवाखान्यात गिळण्याच्या एक्स-रे तपासणीच्या वेळी पडद्यावर दिसलेलं चित्र तिनं मोबाईलवर घेऊन ठेवलं होतं. दोघांना ओट्यावर बसवून तिनं ते दाखवलं. पांढरं दूध घशातून खाली येताना फाटा फुटून फुप्फुसाकडं चाललेलं स्वच्छ दिसत होतं.

मोहनरावांनी ते दोनदा बघितलं. "म्हंजी आपणच तिला बुडवत हुतो," ते म्हणाले.

"व्हय तात्या. म्हणून आता तुमी दोघांनी शिकायचं. मी एकटीच जाणती असून भागायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून एक दुधी भोपळा आणला. त्याला भोक पाडलं, आतला गर थोडा कोरला आणि जुनी नळी हातात घेऊन शिकवणी सुरू केली. नळी बाहेर आली तर भोक तासा-दोन तासांत मिटायला लागतं, म्हणून ती लगेच परत घालता आली पाहिजे. आधी हात धुवायचे. फुगा भरून गळत नाही ना बघायचा, मग रिकामा करायचा. नळीला जेल लावून ती हळू आत सरकवायची, अडली तर जोर करायचा नाही, गाडीत बसून दवाखाना गाठायचा. आत गेली की पाच मिली पाणी भरायचं. शेवटी सिरिंजनं ओढून जठरातलं पाणी येतंय का बघायचं. ते आल्याशिवाय पेज द्यायची नाही. मोहनरावांनी आयुष्यभर ठिबकच्या नळ्या हाताळलेल्या. तीन दिवसांत त्यांचा हात बसला. सिंधुबाईंना आठवडा लागला. तेवढ्यात चार भोपळे संपले. पुढं दवाखान्यात नेऊन सिस्टरसमोरही तिनं दोघांची परीक्षा घेतली.

छकुलीला व्यायामासाठी दर मंगळवारी बारामतीला न्यावं लागायचं. नवरा गोकुळ साखर कारखान्यात पाळीवर, त्यामुळं सारखी कुणाची तरी गाडी बघावी लागे. राजलक्ष्मीनं चारचाकी शिकायला घेतली. परवान्याच्या चाचणीला बारामतीला जायचं होतं, त्या सकाळी तिनं पेजेचं भांडं झाकून ठेवलं आणि निघाली.

अकराच्या सुमारास सिंधुबाई छकुलीचा फ्रॉक बदलत होत्या. बटणात नळी अडकली आणि सुळकन बाहेर आली. फुगा फाटला होता. त्यांनी बागेकडं तोंड करून हाक मारली.

मोहनराव आले. औषध फवारत होते, म्हणून त्यांनी साबणानं दोनदा कोपरापर्यंत हात धुतले. नव्या नळीचा डबा उघडला. "तू तिच्याशी बोलत ऱ्हा," ते बायकोला म्हणाले. सिंधुबाई नातीच्या केसांतून हात फिरवत कोंबडीच्या पिलांच्या गोष्टी सांगत राहिल्या. छकुली थोडी कुरकुरली, एवढंच. नळी आत गेली. पाणी भरलं. सिरिंज ओढली, तेव्हा गढूळ पाणी वर आलं.

मग त्यांनी सुनेला फोन लावला. ती रांगेत उभी होती, पुढं दोनच माणसं होती.

"नळी निघाली हुती. बशीवली," ते म्हणाले.

"किती वेळ बाहेर हुती?"

"पंधरा मिनटं."

"ओढून बघितलं?"

"बघितलं. पोटातलंच हाय, आंबूस वास येतोय."

"रगत? पोट फुगलंय?"

"न्हाय. हसतीय ती."

रांगेतून बाहेर पडून एसटी धरावी असं राजलक्ष्मीच्या मनात आलं. पण तात्यांनी काय केलं ते तिला पायरीपायरीनं दिसत होतं, आणि त्यात एकही पायरी सुटलेली नव्हती.

"मग पेज द्या तात्या. सावकाश. मी परीक्षा देऊन येते."

तिचं नाव पुकारलं. गाडी मागं घेताना एकदा बंद पडली. तिनं शांतपणे पुन्हा चालू केली आणि पास झाली.

याला वर्ष झालं. मंगळवारी आता ती छकुलीला शेजारच्यांच्या जुन्या मारुतीतून स्वतः घेऊन जाते. गावातल्या अंगणवाडीत छकुली रोज दोन तास बसते. बाई वृषालीताई पेज द्यायला शिकल्यात, आणि बाकीची पोरं नळीला हात लावत नाहीत, कारण राजलक्ष्मीनं त्यांनाही बसवून सगळं सांगितलं.

मागच्या महिन्यात वडगाव निंबाळकरच्या मोना नावाच्या बाईचा फोन आला; नंबर दवाखान्यातल्या सिस्टरनं दिला होता. तिच्या मुलाला नुकतीच अशी नळी बसवली होती. ती रडत होती, घरात कुणी जवळ येत नाही म्हणत होती. राजलक्ष्मी छकुलीला घेऊन गेली, मोनाच्या सासू-सासऱ्यांना अंगणात बोलावलं आणि छकुलीची दुपारची पेज त्यांच्यासमोर दिली.

"दुखतं का गं तिला?" सासूनं विचारलं.

"तिच्याकडं बघून सांगा," राजलक्ष्मी म्हणाली.

छकुली मोनाच्या सासऱ्यांचा पांढरा फेटा टक लावून बघत होती. त्यांनी तो काढून तिच्या मांडीवर ठेवला.