पान कुणी उचलायचं

"तुझं पान तेवढं तू उचल हं. आणि जागा पुसून घे."

काकू माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या. अगदी हळू. मायेनं. एरवी बोलताना खांद्यावर हात ठेवायच्या, तो तेवढा ठेवला नाही.

म्हैसूरमधल्या एका मठाचं जेवणघर. आमच्या भजनी मंडळाच्या पंधरा बायका. केळीच्या पानांवर जेवण झालं. चौदा जणी उठल्या आणि हात धुवायला नळाकडं गेल्या. त्यांची पानं तिथंच राहिली. ती मठातली कामाची माणसं उचलतात, मग जागेला शेण लावतात. तिथला रिवाजच तो. इतके महिने मीही तशीच उठून जात होते. त्या दिवशी मात्र मला पंगतीत घेतलं नव्हतं. दाराजवळ एकटीचं पान मांडलं होतं. समोर सगळ्यांच्या चपला.

मी पान उचललं. दुमडलं. नेऊन टाकलं. फडका मागून घेतला आणि जागा पुसली. चांगली दोनदा पुसली.

राग आला नाही. रडू आलं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात तेव्हा गाल बधिर होतो, तसं अंग झालं होतं. मला लाज वाटते ती मला बाजूला बसवलं याची नाही. मी मुकाट वाकले याची वाटते.

मी मूळची मराठवाड्यातली. नोकरीसाठी इथं आले. शहराबाहेर बेळगोळच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासते. माल पास की नापास, शेवटची सही माझी. शहरात चामराजपुरमला काकूंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. काकू निवृत्त शिक्षिका. त्यांची चौथी पिढी म्हैसुरात. घरी मराठी बोलतात, पण निम्मं कन्नड. इथं मराठी ऐकायला मिळालं म्हणून मी केवढी हुरळले होते!

मग आई गेली. गावी जाऊन सगळं केलं आणि पाचव्या दिवशी कामावर हजर झाले. डोळ्यांतून टिपूस नाही. दोन महिने तसेच. आमटीत मीठ घालायला विसरायचे आणि खाताना कळायचंही नाही.

काकूंनी ओळखलं. म्हणाल्या, "अय्यो, असं मुक्यानं बसू नये गं. सुम्ने माझ्यासंगट चल. भजनाला बस." सुम्ने म्हणजे सहजच, काही कारण नसताना.

गेले. तिसऱ्या भजनाला मला रडू फुटलं. हमसून हमसून रडले. काकू पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हे मी नाकारत नाही. त्या दिवसापासून मठातल्या खांबाजवळची ती जागा माझी झाली. दुसरीकडं कुठंही मला आईसाठी रडता येत नव्हतं, तिथं येत होतं. बस्स, एवढंच हवं होतं मला. देव वगैरे नंतरची गोष्ट.

आईला जाऊन वर्ष झालं. मठात तिच्या नावानं पूजा सांगितली. आचार्यांनी गोत्र विचारलं. मला माहीत नव्हतं. काकू शेजारीच होत्या, मदतीला धावल्या. "अगं, तुझ्या आईकडचे कोण? काय करायचे?"

देवासमोर बसले होते. खोटं कशाला बोलू? मी म्हणाले, "आई मंगल कार्यालयात उष्टी पानं उचलायची."

"हो का," काकू म्हणाल्या. आचार्यांनी पूजा उरकली. तासाभरानं दाराजवळ माझं पान मांडलेलं होतं.

आता आईचं सांगते. लग्नसराईत ती मला बरोबर न्यायची. घरी ठेवायला कोणी नव्हतं, बाप आधीच गेलेला. पंगत उठली की आई पदर खोचून वाकायची. पहिल्याच लग्नात एका बाईनं म्हटलं, "पोरीलाही लाव की कामाला." आई वर न बघता म्हणाली, "तिला सांगायचं नाही. ती शाळेत जाते." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "हात पाठीमागं बांध. मी म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत." मी भिंतीला टेकून हात पाठीमागं बांधून उभी. आई शेकडो पानं उचलायची आणि मी एकाला हात लावायचा नाही. तिनं आयुष्यभर एवढी एकच गोष्ट सांभाळली. आणि मी तिच्याच वर्षश्राद्धाला ती मोडली.

हे मला लगेच सुचलंसुद्धा नाही. काही दिवसांनी बसमध्ये आठवलं. तेव्हाही फक्त खिडकीबाहेर बघत राहिले.

खांबाजवळ आणखी दोनदा बसले. कोरडी ठणठणीत. मग जाणं सोडलं.

रडायला जागा शोधत फिरले. हसू नका, खरंच. रविवारी चर्चमध्ये गेले. मागच्या बाकावर बसले. गाणी छान होती. एका बाईनं गोड हसून गाव विचारलं, आडनाव विचारलं. म्हणाली, "तुमची माणसं संध्याकाळच्या प्रार्थनेला येतात." माझी कोणती माणसं? मी तर एकटीच आले होते. मग दर्ग्यावर गेले. बायकांना आत सोडत नाहीत. पायरीवर एका म्हातारीनं सरकून जागा दिली, काही विचारलं नाही. बरं वाटलं. पण बाहेर ते बाहेरच. शेवटी विहारात गेले. तिथल्या दादांना मठाचं सांगितलं तर ते भडकले. "तिथं गेलातच कशाला? लाज नाही वाटली?" त्यांचं चूक नव्हतं. पण आई गेलीय, हे तिथंही कुणी ऐकून घेतलं नाही.

डोळे उघडले ते कॅन्टीनमध्ये. कारखान्याच्या. रोजचीच दुपार. आमचे सर्वांत वरचे साहेब जेवून उठले, उरलेलं खरकट्याच्या डब्यात झटकलं, ताट रॅकमध्ये ठेवलं. त्यांच्या मागं वेल्डर, त्याच्या मागं झाडूवाली, मग मी. इतकी वर्षं हेच बघत होते की! उष्टं ताट उचलण्यात कमीपणा नसतोच. तो एकट्या माझ्याकडून उचलून घेण्यात असतो. बाई गं, मी स्वतःलाच म्हटलं, हे कळायला तुला एवढे देव फिरावे लागले.

गेल्या महिन्यात काकूंकडं सत्यनारायण होता. मंडळाच्या सगळ्या जणी. मला बोलावणं आलं. गेले. शेवटच्या पंगतीत काकूही बसल्या. माझं पान मागच्या दाराशी. जेवले. यावेळी साराला तिखट आहे, हे जिभेला कळलं.

सगळ्या उठल्या. काकू हात धुऊन माझ्याकडं आल्या, वाकल्या. "तुझं तेवढं..."

मी उभी राहिले. खरकटा उजवा हात पाठीमागं नेला, डाव्या हातानं मनगट धरलं.

"काकू, तुमचं पान मी उचलते. माझं तुम्ही उचला."

नळाजवळच्या बायका वळून बघायला लागल्या.

"असं काय बोलतीस गं? मी तुला घरचीच मानते नव्हे?"

"म्हणून तर म्हणते."

त्यांनी माझ्या पानाकडं पाहिलं. चघळलेली शेवग्याची शेंग, कढीपत्ता, थोडा भात. खरं सांगते, मला वाटलं त्या उचलतील. मनापासून वाटत होतं, उचलाव्यात. त्यांचा हात थोडा पुढं आलाही. मग त्यांनी दोन्ही हात पदराला पुसले आणि आत गेल्या.

मी पान तिथंच सोडून जिना चढले. साडीला पाठीमागं साराचा डाग पडला होता. धुतला. गेला नाही.

आठवड्यानं काकूंचा निरोप आला, खोली रिकामी कर, मुलगा येणार आहे. येऊ दे. मी चामराजपुरममध्येच दुसरी खोली बघतेय, मठात पायी जाता येईल अशी. कारण ती खांबाजवळची जागा माझी आहे. तिथं मी आईसाठी रडलेय. ती मी सोडणार नाही.

आईच्या पुढच्या तिथीला जाणार. रडू येईल की नाही, माहीत नाही. आचार्यांनी विचारलं तर आईचं काम सांगणार, या वेळी मोठ्यानं. मग पंगतीच्या मधोमध बसणार. उठवलं तर उठणार नाही. पोटभर जेवणार. आणि पान उचल म्हणाले, तर हात पाठीमागं बांधून उभी राहणार. हात सोड म्हणणारी एकच बाई होती. ती आता नाही.