आबाची वीस फॅटची पिशवी

सांगा बरं, विश्वास ठेवावा तर कुणावर? डॉक्टरवर, औषधवाल्यावर, की वजनकाट्यावर? कामशेतला माझं औषधाचं दुकान. शिक्षण बेताचं, पण लेबलं वाचून वाचून बराच शहाणा झालोय! आणि किस्से म्हणाल, तर रिकाम्या खोक्यांपेक्षा तेच जास्त साचलेत.

आंदर मावळातले आमचे एक आबा. ऑपरेशनात बरंच आतडं काढलं, खाल्लेलं अंगी लागेना. म्हणून जेवण थेट शिरेतून, घरच्या घरी. त्यातली चरबीची पिशवी दुधासारखी पांढरीशुभ्र. ती पोचवायचं काम माझं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "वजन वाढलं नाही तर पुन्हा पुण्याला ॲडमिट!" आणि आबांची म्हैस तर व्यायला झालेली, तिला सोडून जाणार कसे!

*

पहिल्याच दिवशी मी मावशींना, म्हणजे आबांच्या कारभारणीला, सांगितलं, "फ्रीजमधून काढली की गार लावायची नाही. तापवायचीही नाही. नुसती थंडी मोडू द्या."

मावशींनी पिशवी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतली. तेवढ्यात शेजारीण दारात. "अगं बया! कवा झालं? कुणावर गेलंय?"

मावशी म्हणाल्या, "कुणावर जातंय? शेठनं पेटीतनं आणलंय!"

*

डेअरीवर दुधाची फॅट मोजणारा गडी आबांना भेटायला आला. पिशवीवर 'वीस टक्के' वाचून त्याचे डोळेच फिरले. "आबा, वीस फॅट! ह्या म्हशीची रेडी इकता का?"

आबा उसळले, "माज्या म्हशीला कदी सहाच्या वर फॅट लावली न्हाईस, आन् हितं इसाला हात जोडतोस व्हय?"

*

एकदा माझा शहाणपणा नडला. लेबल मोठ्यानं वाचलं, "सोयाबीन, ऑलिव्ह, मासळीचं तेल..."

आबा माळकरी! "शेठ, आदी नळी काडा!"

मावशींनी दटावलं, "जिभंला कळलं का? न्हाई ना? मग गप पडा!"

तरी मी डॉक्टरांना विचारून नुसत्या सोयाबीनची पिशवी आणून दिली. आठवड्यानं आबा हळूच कानाशी लागले, "शेठ, पयलीची चव लय न्यारी व्हती!"

*

मग आला वजनाचा दिवस. सिस्टर काटा घेऊन आल्या. आबा छाती काढून चढले. वजन चांगलंच वाढलेलं! सिस्टर खूश, मी खूश.

मावशी तेवढ्या फडताळात काहीतरी शोधत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, सकाळधरनं माजा बत्ता गावंना."

सगळ्यांच्या नजरा आबांच्या सदऱ्याकडे. आबांनी निमूटपणे खिशातून लोखंडी बत्ता काढला. सिस्टरांनी पुन्हा काट्यावर चढवलं. तरी वजन वाढलेलंच!

"अहो आबा, खरंच वाढलंय की! मग बत्ता कशाला?"

"ताई, जल्मभर डेअरीला दूद घातलं. मशीन कायम कमीच दावतं. म्हनून आदीच भर घातली!"

सिस्टर हसत हसत लिहायला बसल्या, तर आबा वाकून कागदाकडे बघत म्हणाले, "पर हिशोब इमानदारीनं लिवा हां. बत्ता वजा करा, सदरा न्हाई!"