ठेवायचं की पुसायचं

आमच्या वहिनीला एकाच वेळी दोन हुकूम सोडा, ती ढिम्म हलणार नाही. आई म्हणते खिडकी लाव, बाबा म्हणतात उघडीच राहू दे; अशा वेळी शेवटी बोलेल त्याचं ऐकावं, ही आमच्या घरची रीत. वहिनी म्हणते, आधी तुमचं ठरू दे. तिच्या या हट्टापायी दवाखान्यात एका सकाळी जे रामायण झालं, ते सांगताना मला अजून धाप लागते.

त्या दवाखान्यात मी एक्स-रे काढतो आणि वहिनी कॉम्प्युटर सांभाळते. रोजचे एक्स-रे मोठ्या साठ्यात टाकणारा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. त्याला बटणं नाहीत. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा. हुकमात 'ठेव' लिहिलं तर साठ्यातलं जुनं राहतं, 'पूस' लिहिलं तर आधी साठा रिकामा होतो. दोन्ही लिहिलं तर प्रोग्राम निमूटपणे शेवटच्या शब्दाचं ऐकायचा. त्या सकाळी वहिनीनं हे बदललं. दोन्ही दिसले की काही करायचं नाही, तसं सांगायचं आणि थांबायचं.

दवाखान्याचे साहेब उखडले. शेवटचा शब्द खरा, असंच सगळीकडे चालतं, लोक वैतागतील, जेवणाच्या सुट्टीआधी हे काढून टाका म्हणाले. वहिनी हटेना, तेव्हा म्हणाले, "दोन्ही एकत्र लिहिणारा एक माणूस मला दाखवा."

मग काय, वहिनी निघाली खोल्याखोल्यांतून. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. इतका वेंधळा मी नाही, असं मीही छातीठोकपणे सांगितलं. खरं तर आम्ही सगळेच कीबोर्डवरचं बाणाचं बटण दाबून मागचा हुकूम वर आणतो आणि त्यालाच ठिगळं लावतो. पण कबूल कोण करणार?

पावणेएकला ती हिरमुसून जागेवर आली. मला फार वाईट वाटलं. बदल काढण्याआधी सकाळचे एक्स-रे तेवढे साठ्यात टाकते, म्हणाली. बाण दाबून तिनं मागचा हुकूम आणला. त्याच हुकमानं तिनं सकाळी चाचणीपुरता केलेला खोटा साठा रिकामा केला होता. त्यात आता खऱ्या साठ्याचं नाव घातलं, मध्ये 'ठेव' घातलं आणि एंटर दाबलं.

पडद्यावर उमटलं, "तुम्ही ठेव आणि पूस दोन्ही सांगितलंत. मी काहीच केलेलं नाही."

चाचणीतला 'पूस' हुकमाच्या शेपटाला तसाच राहिला होता. अकरा वर्षांचे एक्स-रे! वहिनी मात्र टुणकन उठली आणि साहेबांच्या खोलीकडे पळतच सुटली. मी तिच्या मागे. चूक तिचीच होती, तरी तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"साहेब, माणूस सापडला," ती म्हणाली. "मीच."

साहेबांनी येऊन पडदा दोनदा वाचला. मग तिथलीच खुर्ची ओढून बसले आणि हळूच विचारलं, जुन्या प्रोग्रामनं काय केलं असतं? सगळं पुसलं असतं, वहिनी म्हणाली.

सुट्टीत साहेब जेवायला गेलेच नाहीत. आपल्या खोलीत बाणाचं बटण दाबत ते स्वतःचे जुने हुकूम एकेक करून वाचत होते.