बदामाची सत्ती

सदूकाका पायरीवरून पडले नव्हते. माझ्या आबांनी वल्ह्याने त्यांचा हात मोडला होता.

गेल्या वर्षी आबा, माझे आजोबा, गेले तेव्हा मी इथे लिहिलं होतं, की मेंढीकोटात सदूकाकांनी पान लपवलं, भांडण झालं आणि पळताना ते पडले. घरात लहानपणापासून हेच ऐकलं होतं. ते चूक आहे.

काल ती पोस्ट आजीला वाचून दाखवली.

"खोटं कशाला लिवलंस गो?"

साल पंच्याऐंशी की शहाऐंशी, तिला नक्की आठवत नाही. श्रावण होता. दाभोळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि दुपारी आमच्या पडवीत डाव.

आबांनी बदामाचा एक्का टाकला. भिडूने त्यावर दश्शी दिली. सदूकाकांनी हातात बदाम नाही म्हणून हुकूम मारून ती उचलली.

पुढच्याच हाताला त्यांनी चौकटची राणी टाकली. तिच्यामागून बदामाची सत्ती डोकावली.

"बदाम होतं तुज्याकडं! चोरा!"

"दादा, आईशप्पत, दिसलीच नाय..."

पहिला फटका खांद्यावर.
दुसरा कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज चुलीपर्यंत आला, आजी म्हणते.
तिसरा, ते खाली पडल्यावर.

दोघांनी मागून धरलं तरी आबा लाथा मारत होते.

सदूकाकांना उचलून नेलं. आजीने रक्ताची पानं गोळा केली. सत्ती राणीला चिकटलेलीच होती. दमट हवेने.

तिने आबांना दाखवली. "चिकटलीवती ओ. तो चोर नाय."

"गप. कुणाला बोललीस तर तुजाही हात मोडीन."

सदूकाकांना पुन्हा जाळं ओढता आलं नाही. गाव त्यांना पानचोर म्हणतं. मीही म्हटलंय, शाळेत, त्यांच्या नातीला.

मला आकडे आबांनी पत्त्यांवरच शिकवले. प्रत्येक डावाआधी ते एकेक पान पावडर लावून पुसायचे. मला वाटायचं, किती टापटीप माणूस.

मोबाईलवर मी रोज मेंढीकोट खेळते. ॲप चुकीचं पान टाकूच देत नाही. पण गावात अजून खऱ्या पानांनीच खेळतात, तिथे समोरच्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. सदूकाका रोज दुपारी देवळामागे बसून तो डाव बघतात.

त्यांना कोणी पानं वाटत नाही.

आबा, आज वर्ष झालं. माझी माया कमी झालेली नाही, हेही खरंच लिहिते. नमस्कार करते.

देवळामागचा डाव थांबवून सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. आजी सोबत येते म्हणाली.

परवा, शनिवारी.