हिरवा आधी उडतो

वडूजच्या एस.टी. स्टँडसमोरच्या भिंतीवर एक रंगारी दर वर्षी उन्हाळा सरताना झाड रंगवायला यायचा. दुष्काळानंतर ‘झाडे लावा’ मोहिमेचं चित्र रंगवायचं सरकारी काम त्याला मिळालं होतं. नाव मी कधी विचारलं नाही. कराडच्या गाडीची वाट बघताना मी त्याच्याकडं बघत बसायचो. चार फटकारे मारले की तो उलट्या पावलांनी रस्ता ओलांडायचा आणि एक डोळा मिटून भिंत न्याहाळायचा. सायकलवाले शिव्या देत, याला पत्ताच नसे.

एवढ्या मोठ्या भिंतीवर एकच झाड, बाकी सगळा पांढरा चुना. मी एकदा कारण विचारलं.

“मोकळ्यात एकटं असलं की नजर तितंच जाती,” तो म्हणाला. “गर्दी केली तर कोण बघत न्हाई.”

खोड काळं, पानं हिरवी. वर्षभराच्या उन्हात हिरवा उडून जायचा, काळा तसाच राहायचा. मग तो येऊन फक्त पानं भरायचा.

तिसऱ्या वर्षी त्यानं हिरव्याचा डबा उघडला, तेव्हा माझ्याशेजारी घोंगडी घेतलेला एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. भिंतीवरच्या बोडक्या झाडाकडं बघत म्हातारा रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, “ऱ्हाऊ दे की रं गड्या तसंच. आमच्या माळावरचं हुबेहूब हाय.”

ब्रश हवेतच थांबला.

“पानं भरायलाच बोलवलंय, आबा,” एवढंच तो बोलला.

त्यानं सगळी पानं भरली, डबे सायकलला अडकवले आणि निघून गेला. त्या दिवशी रस्ता ओलांडून तो एकदाही बघायला आला नाही.